मागच्याला कळलं का?

दादा गेल्यावर आमच्या घरी बसायला आलेला प्रत्येक माणूस जाताना एक किस्सा ठेवून गेला. चपला घालून माणूस गेला, किस्सा मात्र दारातच! इतके साचले की आई म्हणते, “बाळ्या, घरात पाय ठेवायला जागा नाय राहिली.” म्हणून त्यातले थोडे आज तुमच्याकडं सरकवतो. कुणाकुणाचे आभार मानायचेत आणि ते कसे मानतात हे मला येत नाही. मी आठवीतनं शाळा सोडलेला माणूस. मला एवढंच येतं.

आधी ओळख करून देतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुभाष. पडेगावात आमच्या घरावर पत्र्याची एक खोली आहे, तिथं तो केमिस्ट्रीचा क्लास घ्यायचा. हुशार पोरांचा नाही. बारावीला ज्यांची केमिस्ट्री राहिली त्यांचा! एकदा राहिलेली, दोनदा राहिलेली, घरच्यांनी आशा सोडलेली, सगळी त्याच्याकडं. परीक्षेच्या आधी नुसती रिव्हिजन, आणि तीही घोटून घोटून दोनच गोष्टींची. मोल आणि सोल्युशन. दादा म्हणायचा, “हे दोन पाय भक्कम झाले की बाकीचे धडे चालत येतात.”

मी टेम्पोतनं पिण्याच्या पाण्याचे थंड जार पोचवतो. केमिस्ट्रीच्या खोलीत माझं काय काम, ते ऐकाच.

*

एकदा भर उन्हात मी क्लासचा जार वर पोचवला आणि दमलो म्हणून मागच्या भिंतीला, एका रिकाम्या जारच्या झाकणावर टेकलो. दादानं एका मुलीला उठवलं. निकहत तिचं नाव. तिच्या अब्बांचं शहरात हार्डवेअरचं दुकान आहे.

“मोल म्हणजे काय?”

निकहतनं इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून टाकली. कार्बन, ग्रॅम, अणू, सगळं. श्वाससुद्धा घेतला नाही.

“वा! एक शब्द चुकला नाय,” दादा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “बाळ्या, कळलं का?”

“नाय.”

“मग हिलाही नाय कळलं. बस खाली.”

निकहत भडकली. “सर, ये तो पानीवाले भाऊ हैं!”

“म्हणूनच विचारलं,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. हातात अब्बांच्या दुकानातली स्क्रूची पिशवी! “भाऊ, इसमें कित्ते स्क्रू हैं?”

“मला काय म्हायती?”

“अब्बा को भी नै मालूम. वो गिनते नै, तौलते! एक स्क्रूचं वजन माहीत असलं की काटा सांगतो किती नग. अणू तो इससे भी बारीक, गिन सकते नै. तो तौलो! एक ठरलेला ढीग. ढिगात नग सारखेच, पण लोखंडाचा ढीग जड, कार्बनचा हलका. वो ढीग, वही मोल.”

“असं व्हय! मग कळलं की!”

दादानं डस्टर टेबलावर असं आपटलं की पाठीमागची पाल पळाली. “पास!”

त्या दिवसापासून क्लासचा नियमच झाला. फळ्यावर उत्तर बरोबर आलं तरी चालणार नाही, मागच्याला सांगायचं. मागच्याला कळलं तर डस्टर, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मागचा म्हणजे मी, झाकणावर बसलेला!

*

नियमाचा त्रास सगळ्यात जास्त निकहतला झाला. तिला बोलायची घाई आणि मला काहीच लवकर कळत नसे. एकदा मोल फ्रॅक्शन समजावून समजावून तिचा घसा बसला. मी आपला दर वेळी, “नाय कळलं.”

“सर! ये भाऊ जानबूझके नै समझते!”

दादा वही तपासत होता. मान वर न करता म्हणाला, “त्याला रागवू नको. न कळणं ही त्याची नोकरी हाय. तू तुझी कर.”

पण सगळेच असं हसून घेत नसत. एकदा देवगाव रंगारीहून मामा आला होता. त्यानं जेवताना सगळ्यांसमोर दादाला सुनावलं, “सुभ्या, जगाच्या पोरांना शिकवतो आणि सख्खा भाऊ आठवीवर ठेवला? त्याला काय कळतं का तरी?”

मी ताट सरकवून उठलोच. मला राग पहिला येतो, विचार मागनं येतो. दादानं माझं मनगट धरलं, खाली बसवलं आणि मामाच्या ताटात भाकरी वाढत म्हणाला, “कळतं मामा त्याला. जरा हळू कळतं.”

मी जेवलो.

*

आता जारचा किस्सा. हा आमच्या गल्लीत अजून सांगतात.

दादाला पोरांना एक मोलर, म्हणजे लिटरमागं एक मोल मिठाचं पाणी करून दाखवायचं होतं. छोट्या काचेच्या बाटलीत पोरं हसत होती, म्हणून त्यानं माझा वीस लिटरचा जारच घेतला. “बघा, मापं मोठी असली म्हणून हिशोब बदलत नाय!” पोरांनी वजन केलं, मिठाचे पुडे फोडले, आधी थोडं पाणी, मग ढवळणं, मग खुणेपर्यंत पाणी. एकदम झकास झालं. काचेसारखं स्वच्छ!

तीच तर भानगड. स्वच्छ असल्यामुळं मला ते पाणीच वाटलं. मी आलो, जार उचलला, आणि दौलताबाद रोडच्या एका हॉलवर साखरपुड्याला पोचवून आलो.

थोड्या वेळानं फोन वाजला. माझे हात ओले होते, म्हणून दादानं उचलला. पलीकडं एक पोरगा ओरडत होता. “ओ पाणीवाले! साखरपुड्याला मिठाचं पाणी पाठवता व्हय? नवरदेवाच्या चुलत्यानं तोंडभर घेतलं नं मुलीच्या मावशीवर उडवलं!”

दादानं माझ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. दुसरा कुणी असता तर माफी मागितली असती. दादा शांतपणे विचारतो, “बाळा, एक कर. खालच्या तोटीचा एक घोट घे. मग झाकण काढून वरचा एक घोट घे. जास्त खारट कुठलं?”

पलीकडं तोटी उघडल्याचा आवाज. मग थुंकल्याचा आवाज. मग पुन्हा थुंकल्याचा आवाज.

“सारखंच हाय ओ!”

दादानं फोनवर हात ठेवला आणि वर्गाकडं वळला. “लिहा. खरं द्रावण. वरनं खालपर्यंत सगळीकडं सारखं. साक्षीदार लाइनवर हाय.”

मग त्यानं फोनवर पोराला विचारलं, “तू काय करतो?”

“मी मुलीचा भाऊ. करमाडचा. विष्णू.”

“शिकतो का?”

“बारावी... केमिस्ट्री राहिली ना.”

“तरीच देवानं जार तुझ्याकडं पाठवला. उद्यापासून क्लासला ये!”

आम्ही ताबडतोब गोडं पाणी घेऊन हॉलवर गेलो. दादानं मुलीच्या वडलांचे हात धरून माफी मागितली. त्या भल्या माणसानं शिव्या द्यायच्या सोडून आम्हाला पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. त्याची आणि त्या खाऱ्या पाण्याची मी आजही आठवण काढतो. त्या पाण्यानं आम्हाला विष्णू दिला.

*

विष्णू म्हणजे उंच, लाजाळू, काठीसारखा पोरगा. आकडेमोड पक्की, पण एका जागी अडकायचा. द्रावण किती आणि त्यातलं पाणी किती, ह्यात त्याचा दर वेळी घोळ. एक लिटर साखरेचं द्रावण कर म्हटलं की हा एक लिटर पाणी घेणार आणि त्यात साखर टाकणार.

दादानं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी खालनं आईचा तांब्या मागवला. काठोकाठ पाणी भरलं, तांब्या स्वतःच्या मांडीवर धरला आणि म्हणाला, “हां विष्णू, हे तुझं एक लिटर पाणी. टाक साखर.”

“सर, सांडंल.”

“तू टाक.”

विष्णूनं भीत भीत एक चिमूट टाकली. पाणी काठावर फुगलं. मग वाटीभर टाकली. पाणी सुटलं!

“थांबू नको. टाक!”

पाणी दादाच्या मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून चपलेत. पोरं तोंड दाबून बसलेली. दादा जागचा हलला नाही. “आता मागच्याला सांग. एक लिटर द्रावण झालं का?”

विष्णू माझ्याकडं वळला. घाम फुटला होता त्याला. “बाळूभाऊ, तांब्यात एक लिटर हाय... आणि वरचं सरांच्या पँटीवर!”

“कळलं!” मी ओरडलो. पोरं इतकी हसली की खालनं आई ओरडली, “माझा तांब्या फुटला का काय?”

ओल्या पँटीनिशीच दादानं डस्टर आपटलं. मग विष्णूला जवळ बोलावून म्हणाला, “घरी काय म्हणतात?”

“आण्णा म्हणले, यंदा शेवटचं. नाय सुटली तर शेंद्र्याला कंपनीत जायचं.”

“आणि तुला काय पाहिजे?”

“फार्मसीला जायचंय, सर.”

“मग जाशील. तुझी केमिस्ट्री सुटल्याशिवाय मी मरत नाय!”

सगळे हसले. मीही हसलो.

*

बर्फाचा किस्सा माझ्या अंगाशी आलेला आहे.

प्रज्ञा नावाची एक मुलगी आहे, पडेगावातलीच, कमी बोलणारी. ती मला सांगत होती की पाण्यात मीठ असलं की ते गोठायला जास्त थंडी मागतं. मी पटकन म्हणालो, “खोटं! बर्फावर मीठ टाकलं तर बर्फ वितळतो. वितळला म्हणजे गरम झाला. मग थंडी कुठनं आली?”

प्रज्ञा म्हणाली, “नाही भाऊ, तो वितळतो आणि अजून थंड होतो.”

“काही बी सांगती!”

दादा नुसता हसत होता. मला ते सहन होईना. मी जिना उतरलो, टेम्पो काढला, कारखान्यातनं बर्फाची लादी आणली आणि खोलीच्या मधोमध आपटली. “करा खरं!”

पोरांनी बर्फ फोडला, बादलीत भरला, वर मिठाचा मारा केला. दादानं काचेच्या नळीत साधं पाणी घेतलं आणि नळी त्यात खुपसली. सगळे वाकून बघत बसले. मी म्हणालो, “उगं वेळ घालवता. नळीबिळी कशाला? मी हातच घालून सांगतो!”

“बाळ्या, नको...” एवढंच दादा म्हणाला, तोवर माझा हात कोपरापर्यंत बादलीत.

“कळलं! कळलं! आयो, कळलं!”

मी हात काखेत धरून नाचत होतो आणि प्रज्ञा नळी वर धरून दाखवत होती. आतलं पाणी गोठून पांढरं झालेलं. दादा डस्टर आपटत म्हणाला, “लक्षात ठेवा रे! बाळ्याला पहिल्या झटक्यात कळलेली ही एकच गोष्ट.”

आणि मग माझा लाल झालेला हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन तो बाकीचा तास शिकवत राहिला. फळ्यावर लिहायचं काम त्या दिवशी प्रज्ञानं केलं.

*

दादा संक्रांतीच्या आधी गेला. सकाळी छातीत कळ आली. मीच त्याला टेम्पोत घातलं. दवाखाना यायच्या आत तो गेला. ह्याच्यावर मला अजून लिहिता येत नाही, आणि हे किस्से त्या दिवसासाठी नाहीत.

तेराव्याला सगळी बॅच आली. मी डोकं भादरून कोपऱ्यात बसलेला. आई दिवस न् दिवस कुणाशी बोलत नव्हती. स्वयंपाकाचं मावशी आणि आत्या बघत होत्या, आणि दोघींचं एकमेकींत बोलणं नाही. म्हणून वरणात मीठ मावशीनंही टाकलं आणि आत्यानंही टाकलं!

पंगत बसायची वेळ. मामानं चव घेतली आणि कपाळाला हात लावला. “विषासारखं झालंय!”

निकहत, प्रज्ञा आणि विष्णू पुढं सरसावले. पातेल्याभोवती उभे राहून तिथंच रिव्हिजन!

“मीठ डबल पडलंय,” प्रज्ञा म्हणाली. “मीठ काढता येत नाही, पण व्हॉल्यूम वाढवता येतो.”

“डबल व्हॉल्यूम, आधी कॉन्सन्ट्रेशन,” निकहत म्हणाली. तिचं आधी म्हणजे अर्धं.

“जितकं वरण तितकंच पाणी,” विष्णू म्हणाला. आणि त्यानं माझ्या टेम्पोतला जार आणून मोजून ओतला. उकळी काढली. मामानं पुन्हा चव घेतली.

“आता? मीठ?” तिघं एकदम.

“मीठ एकदम बरोबर!”

तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मामानं पळी पातेल्याच्या तळापर्यंत घातली, फिरवली, वर काढली, परत फिरवली. “पण पोरांनो, वरण कुठं गेलं? ह्यात डाळ हुडकायला दिवा लावावा लागंल!”

विष्णूचं तोंड पडलं. “मामा... डाळीचं कॉन्सन्ट्रेशन पण अर्धं झालं. ते आमच्या ध्यानातच नाय आलं.”

कुणाला हसावं का रडावं कळेना. आणि आतल्या खोलीतनं आवाज आला. आईचा! पदर तोंडाला लावून ती दारात आली होती. “पाणी ओतायच्या आधी मागच्याला सांगितलं होतं का?”

विष्णूनं रिकामा जार पाठीमागं लपवला.

“नाय ना? माझ्या पोराचा नियम मोडला म्हणून माझं वरण बिघडलं!”

असं म्हणून ती हसली. मग रडली. मग स्वतः उठून तिनं दुसरी डाळ शिजत घातली. ह्या तीन गाढवांचे उपकार मी कसे फेडू? तेराव्याच्या दिवशी माझ्या आईला त्यांनी चुलीपाशी उभं केलं.

*

त्याच दिवशी एकाचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “परीक्षा तोंडावर आली. पोरांना दुसरा क्लास बघावा म्हणतो.”

त्यांचं काही चुकीचं नव्हतं. पण मला राग पहिला येतो, हे सांगितलंच. मी मोठ्यानं म्हणालो, “कशाला? क्लास सोमवारपासून चालू हाय!”

“शिकवणार कोण?”

ते मला कुठं माहीत होतं!

सोमवारी मी खोली उघडली, झाडून काढली, फळा पुसला आणि जाऊन माझ्या झाकणावर बसलो. दुसरं मला काय येतं? पोरं आली. समोर दादाची खुर्ची रिकामी. कुणी पुढं जाईना. सगळी मागं वळून माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणालो, “माझ्याकडं काय बघता? मला काही येत नाय. मला सांगा.”

बस्स. निकहत उठली आणि मला सांगायला लागली. ती अडकली तिथनं प्रज्ञानं सांगितलं. प्रज्ञाचं झाल्यावर विष्णू. चुकलं की बाकीचे तुटून पडायचे. पुस्तक उघडायचे, भांडायचे, पुन्हा माझ्याकडं यायचे. पहिलं उदाहरण सुटलं तेव्हा सगळे थांबले. आता “कळलं का” कुणी विचारायचं? ते तर दादाचं काम.

विष्णूनं हळूच डस्टर उचललं. “बाळूभाऊ, कळलं का?”

मी मान हलवली. “नाय.”

“परत सांगतो,” विष्णू म्हणाला.

परत सांगितलं. मी परत, “नाय.” मग निकहतनं सांगितलं. “नाय.” मग प्रज्ञानं, चित्र काढून. “नाय.” एकानंही तोंड वाकडं केलं नाही. बाहेर अंधारायला लागलं, तरी कुणी दप्तर भरलं नाही. शेवटी आई जिना चढून वर आली. दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, माझ्याकडं नीट पाहिलं आणि पोरांना म्हणाली, “कळलंय त्याला. सोडा आता. भाकरी गार व्हायली.”

विष्णूनं डस्टर आपटलं.

असा आमचा क्लास परीक्षेपर्यंत चालला. एकही पोरगं दुसरीकडं गेलं नाही. ज्यांनी दुसरा क्लास बघतो म्हटलं होतं, ते वडील रोज पोराला सोडायला येऊन जिन्याच्या पायरीवर बसायचे. एकदा म्हणाले, “बाळू, आता मलाही मोल कळायला लागलाय. मला आत घेतो का?” मी त्यांना माझ्या शेजारी दुसरं झाकण दिलं!

*

केमिस्ट्रीच्या पेपरला मी जार उतरवून ठेवले आणि टेम्पोत पोरं भरली. सेंटरच्या गेटवर सगळे आईनं दिलेला दहीसाखरेचा चमचा खाऊन आत गेले. विष्णू गेटातनं परत आला. “बाळूभाऊ, तुम्ही इथंच थांबणार ना?”

“कुठं जातो मी!”

“मागच्या बाजूला थांबा. माझा नंबर मागच्या खोलीत आलाय.”

मी कंपाउंडच्या मागं लिंबाखाली टेम्पो लावून बसलो. पाणी पोचवायचं राहिलं, फोन वाजत होते, कुणाचाही उचलला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. दादा आयुष्यात जे बोलला ते त्यानं केलं. एकच शब्द खोटा पडलाय, विष्णूच्या बाबतीतला. तेवढा कसा खरा करायचा, हे मला कळत नव्हतं.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली. निकहत पळत आली ती घाबरलेली. “भाऊ, विष्णू को सर ने पकड लिया था! पेपर चालू असताना! उसके बेंच के पास बहोत देर खडे थे!”

कॉपीत धरला म्हणजे संपलं सगळं. फार्मसी गेली, शेंद्र्याची कंपनी आली.

विष्णू सगळ्यात शेवटी आला. शांत. मी त्याची कॉलरच धरली. “काय केलं रे?”

“काही नाय केलं, बाळूभाऊ. दहा टक्के ग्लुकोजचं द्रावण होतं, मोलॅलिटी काढा. माझं नेहमीचंच. मी शंभरनं भागून मोकळा झालो होतो. मग म्हणलं, थांब, मागच्याला सांगून बघू.”

“मग?”

“मग सांगायला लागलो. बाळूभाऊ, शंभर ग्रॅम म्हणजे सगळं मिळून. त्यातली दहा ग्रॅम साखर काढा, पाणी राहिलं नव्वद. मोलॅलिटीला नुसतं पाणी धरतात, तांब्यात टाकलेली साखर धरत नाय... मनातच सांगत होतो, पण आवाज कधी फुटला कळलंच नाय. सर धावत आले. पेपर ओढला. म्हणले, कुणाला उत्तर सांगतोस?”

“तू काय म्हणला?”

“म्हणलं, मागच्याला.”

“अरे देवा!”

“त्यांनी मागं बघितलं. माझा शेवटचा बेंच. मागं भिंत. ते म्हणले, मागं तर कुणी नाय. मी म्हणलं, हाय सर. आमच्या सरांचा भाऊ हाय. आमचे सर वारले. त्याला कळल्याशिवाय आमचं उत्तर बरोबर धरत नाय.”

निकहतनं तोंडावर ओढणी घेतली होती.

“त्यांनी माझे खिसे बघितले, पॅड बघितलं, बेंचखाली बघितलं. काहीच नव्हतं. मग नुसते उभे राहिले. लई वेळ. मग पेपर माझ्यापुढं ठेवला आणि भिंतीकडं बघत हळूच विचारलं, मग, कळलं का त्याला?”

“तू काय म्हणला?” मी विचारलं.

“म्हणलं, कळंल सर. जरा हळू कळतं त्याला.”